न पुसलेले कोपरे

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या दुर्मीळ संग्रह विभागात सदानंद गुरव काचेच्या कपाटापुढे हात जोडून उभे होते. आत तमाशाच्या फडातल्या एका हार्मोनियमवाल्याची दीडशे वर्षांपूर्वीची वही होती. तो अंगठा जिभेला लावून पानं उलटायचा, त्यामुळे प्रत्येक पानाचा कोपरा पिवळा पडला होता.

वीस वर्षांपूर्वी ते कोपरे स्वच्छ करायचा आदेश निघाला. विभागातल्या कुमुद हर्डीकरांनी तो मानला नाही. ‘डागही वहीचाच आहे,’ असं त्यांनी लिहून दिलं आणि त्यापायी बढती गमावली. गेल्या वर्षी त्या वाळलेल्या थुंकीत, माणसाच्या तोंडातून केव्हाच नाहीसे झालेले जिवाणू सापडले. ते निपचित होते, पण जिवंत होते. कुठल्याच औषधाला न जुमानणारा घशाचा रोग त्यांनी बरा केला. मिरजेच्या शाळेत शिकवणारे गुरव हे बरे झालेले पहिले रुग्ण. त्याआधी सात महिने ते नळीतून पोटात सोडलेल्या अन्नावर जगले होते.

ते शेजारी उभ्या असलेल्या कुमुदताईंच्या पाया पडायला वाकले, तशा त्या मागे सरकल्या.

“अहो गुरवसर, थुंकी त्या बाबाची. मी फक्त पुसली नाही.”

“दुसऱ्या कुणीही पुसली असती, ताई.” गुरवांनी पिशवीतून डबा काढला. “बायकोनं तुमच्यासाठी शेंगापोळ्या दिल्यात.”

“इथे खायला बंदी आहे,” म्हणत त्या त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या.

तिथे कुमुदताईंनी आपली पोळी हातातच धरली, आणि गुरवांनी पहिला घास गिळेपर्यंत त्या त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या.