पिन कुणाला सांगायचा नसतो

आष्टीच्या आठवडी बाजारात लालमियाँच्या हॉटेलात बद्रीनाथराव चहाला टेकले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "बँकेतून बोलतोय. तुमचं खातं बंद पडतंय, जल्दी पिन सांगा."

बद्रीनाथराव ताडकन उठले. "आरं भामट्या, पिन म्हंजी घराची किल्ली! ती काय वाटंवरच्या माणसाला देऊ व्हय? ठेव फोन!"

सगळं हॉटेल वाहवा करू लागलं. फुशारून जाऊन त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. फोनवरून पैसे द्यायची वेळ आली तेव्हा ध्यानात आलं की चष्मा घरीच राहिलाय. त्यांनी फोन लालमियाँच्या हातात दिला आणि कुणी ऐकू नये म्हणून त्याच्या कानाशी वाकले. तोवर लालमियाँनं पिन दाबून फोन परतसुद्धा केला.

बद्रीनाथरावांचा चेहराच उतरला. "माझा पिन तुला कसा ठाव?"

"काका, दर बाजाराला तुम्ही पिन इसरता अन् काकूला फोन लावून इचारता, तेबी स्पीकरवर. आता तर भाजीवाल्यायलाबी बराबर पाठ झालाय."

सगळे हसले, त्यात बद्रीनाथरावांचं हसू सगळ्यात मोठं. "लईच शहाणा निघालो की मी!" म्हणत त्यांनी पिन तिथल्या तिथं बदलायचं ठरवलं आणि लगेच घरी फोन लावला.



"आगं, नवा पिन काय ठेवू? जोरात सांग, इथं गोंगाट लई होऊन राह्यला!"