टेकडीआडचे दोन तास

निवृत्त सेनापतींच्या रणगाड्यांच्या लढायांवरच्या वह्या त्यांची मुलगी टाइप करत होती. टेकडीआड दोन तास रणगाडे उभे ठेवून त्यांनी शत्रूला चकवलं, ती लढाई सैनिकी विद्यालयात आजही शिकवतात. वहीत मात्र लिहिलं होतं, 'दोन तास डोकंच चालेना. तोंडातून हुकूम फुटला नाही.'

ती चक्रावली. "बाबा, हे गाळू ना? सगळे याला तुमची खेळी म्हणतात."

"मीही तेच सांगत आलो. वर्गात, जेवताना, तुझ्या दादालाही. गाळू नकोस."

पुढच्या युद्धात दादा आपले रणगाडे घेऊन टेकडीआड थांबला होता आणि तिथेच मारला गेला होता. तो का थांबला, हे घरात आजवर कुणालाच उमगलं नव्हतं.