पहिल्या वर्षाची आई

“दादा, मी कॉलेज सोडतेय,” आई म्हणाली.

कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी ती बसली होती. समोर तिचा मुलगा. तो दुसऱ्या वर्षाला, ती पहिल्या. दादा म्हणायला त्यानेच सांगितलं होतं.

झालं होतं असं. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे दुसऱ्या वर्षाचा एक सोबती नेमायचा, अशी त्या कॉलेजची पद्धत होती. वर्ग दाखवायचे, ग्रंथालयात न्यायचं, अधूनमधून निवांत बसून अडचणी ऐकायच्या. तो हौसेने सोबती झाला. चिठ्ठ्या काढल्या, तर त्याच्या वाट्याला नेमकी आईच आली. लग्नामुळे सुटलेलं शिक्षण तिने यंदा पुन्हा हातात घेतलं होतं. सकाळी शिवणाचं दुकान बंद ठेवून ती पोरासोरांच्या वर्गात येऊन बसायची. घरी त्याला याचं कौतुकच होतं. पण मित्रांच्या देखत आई, म्हणजे जरा जास्तच झालं.

“हे बघ, इथे तू मला ओळखत नाहीस,” त्याने पहिल्याच दिवशी बजावलं. “सगळे सोबत्याला दादा म्हणतात, तूही म्हण. आणि अहो-जाहो कर.”

“बरं, दादा,” ती म्हणाली होती. चेहरा अगदी सरळ ठेवून.

मग तिने ते इतकं मनावर घेतलं, की त्यालाच घाम फुटायचा. “दादा, जेवलात का तुम्ही?” ती भर वऱ्हांड्यात विचारायची. “दादा, तुमच्या शर्टाचं बटण लोंबतंय. लावून देऊ?” मित्र म्हणायचे, नशीबवान आहेस लेका, काकू केवढा मान देतात तुला!

आणि आज हे.

“का सोडताय?” त्याने आवाज खाली आणून विचारलं. शेजारच्याच टेबलावर मित्रांचा घोळका होता.

“जिने फार आहेत. गुडघे दुखतात.”

सोबत्यांना शिकवलेलं असतं, की माणूस पहिलं सांगतो ते कारण क्वचितच खरं असतं. गप्प बसा, दुसऱ्या कारणाची वाट बघा. आईने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

“तसं नाही, दादा,” ती हळूच म्हणाली. “कुणाला सांगू नका. माझा मुलगा याच कॉलेजात आहे. मी समोरून येताना दिसले, की तो दुसऱ्या जिन्याने निघून जातो. स्वभावाने गुणी आहे हो, घरी एका शब्दाने बोलत नाही. पण त्याला माझी लाज वाटते. अभ्यासाचं काय, तो जमला असता मला. पण त्याची इथली वर्षं सुखात जावीत.”

आईकडे बघवेना, म्हणून तो डब्याकडे बघत राहिला. मग एकदम मान वर करून, शेजारच्या टेबलाला सहज ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

“तुमच्या मुलाला मी चांगला ओळखतो. एक नंबरचा गाढव आहे तो! उद्यापासून तो रोज इथे, तुमच्या शेजारी बसून जेवेल. आणि कॉलेज सोडायचं नाव काढायचं नाही.”

आईचे डोळे काठोकाठ भरले होते. तरी तिने टेबलावर हात आपटला. अख्खं कॅन्टीन वळून बघायला लागलं.

“गाढव कुणाला म्हणतोस रे? माझ्या मुलाला नावं ठेवलेली मला चालायची नाहीत, सांगून ठेवते!”