डावरी
एकाहत्तर साली श्रीगोंद्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा लागला आणि पडद्यावर भिमाजीची लेक आली. ती आधी साड्यांच्या जाहिरातींत झळकलेली, आता थेट नटी झालेली. "मुंबईनं पोर बदलून टाकली," भिमाजी कुरकुरायचा. पण त्याच्या बायकोला, लंकाबाईला ते पटत नसे. तंबूत पडदा मधोमध, पुढं बाप्ये बसायचे, पडद्यापलीकडं बाया, आणि बायांना सगळं चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसायचं. पहिल्यांदाच सिनेमा बघणाऱ्या लंकाबाईला हे कुठून ठाऊक? पडद्यावर लेक भाकरी खायला बसली. बापाचा मार खाऊनही डावा हात न सोडणारी पोर शिस्तीत उजव्या हातानं जेवताना पाहून भिमाजीनं पडद्यावरची नजर काढून घेतली. खेळ सुटल्यावर लंकाबाई डोळे पुसत, हसत धावत आली. "बघितलं न्हवं? डाव्याच हातानं जेवली माजी बाय! कुठं बदललीय?" भिमाजीनं पटका नीट केला. "व्हय गं. डाव्याच हातानं."