कुंडीखालची बशी

सिंगापूरला, बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये निशिकांत गुरुजींनी मोठ्या हौसेने गवती चहा लावला. कुंडीखालच्या बशीत ते रोज पाणी भरून ठेवत आणि आठ वर्षांची नात क्षिप्रा शाळेतून आली की ते ओतून टाकी.

"आजोबा, डास होतात. टीचर म्हणाल्या."

"अगं, चाळीस वर्षं मास्तरकी केलीय मी! बशीला हात लावायचा नाही."

बिचारीने पुन्हा लावला नाही.

आठवड्याने डेंग्यूच्या तपासणीची बाई आली. बशीत अळ्या वळवळत होत्या.

"पाणी कोणी साठवलं?" तिने इंग्रजीत विचारलं.

गुरुजींना मान वर करवेना.

क्षिप्रा पुढे झाली. "सॉरी आंटी, आजोबा इथे नवीन आहेत. मीच त्यांना नीट शिकवलं नाही."