नव्या मशिनीची पूजा

वर्षभरात सुदाम शीतलशी बोलला असेल ते एवढंच: "स्क्रू दे गो." ती डब्यातून निवडून द्यायची, तो बसवायचा. आता तेवढंही बोलणं संपणार होतं. मुरबाडच्या त्यांच्या कारखान्यात नवी मशीन आली होती. तिचं वाडगं थरथरलं, की आतले स्क्रू कडेची गोल वाट चढत आणि एकामागे एक आपसूक बाहेर पडत.

खंडेनवमीला मशिनीची पूजा झाली. कामावरच्या भिमीमावशीने कुंकू लावलेले मूठभर तांदूळ भक्तिभावाने थेट वाडग्यातच टाकले. सुदामने बटण दाबलं. वाडगं घुमलं, पण स्क्रू काही येईनात. काय अडकलं ते बघायला तो आणि शीतल मशिनीच्या तोंडाखाली वाकली, आणि तांबडे तांदूळ झरझर दोघांच्या डोक्यावर पडले. सगळा कारखाना टाळ्या पिटायला लागला. शीतल लाजली, पण जागची हलली नाही.

तेवढ्यात नारळाची शेंडी धरून तिचा बाप पुढे आला, गेटवरचा वॉचमन रंगू. सुदाम झटकन सरळ उभा राहिला.

"अक्षता तं पडल्या," रंगू म्हणाला. "आता मागणी घालाय तू येतोस, का मशिनीलाच धाडतोस रे?"