साठ लिटरची पेटी

दाजींनी सबवूफर स्पीकरसाठी बनवलेल्या नव्या पेटीत, माप तपासताना, हिशेबाने साठ लिटर वाळू मावायला हवी होती. बावन्न लिटरलाच ती काठोकाठ भरली.

"दाजी, फळ्या खाल्ल्यात की गणित?" मेहुणा खेकसला. "असलं खोकं माझ्या गाडीत नको. लाथ घालून फोडतो!"

आपले माप चुकत नाही, एवढीच काय ती दाजींची मिजास. त्यांनी वाळू ओतून काढली आणि आतल्या बाजू पुन्हा मोजल्या. मिलिमीटरचाही फरक नव्हता. वाळू पुन्हा भरली. या वेळी पन्नासच मावली.

"आत काय राहिलंय, बघा तरी!"

रिकाम्या केलेल्या पेटीत बॅटरीच्या उजेडातही काही दिसेना. दाजींनी स्पीकरच्या भोकातून हात घातला. कोपऱ्यात बोटांना कोमट कातडी लागली.

माप बरोबर होते. उरलेल्या जागेत कोणीतरी बसले होते, आणि ते आता दाजींचा हात सोडत नव्हते.